विधवेचा दावा आणि रेल्वेची ढाल

1937 साली नागपूरच्या उच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. एका बाजूला रुक्मिणीबाई नावाची विधवा होती आणि दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया, म्हणजे लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणारे भारतमंत्री. तिचा नवरा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, लोकांच्या तोंडच्या जीआयपीत, नोकरीला होता. कामावर असताना त्याचा जीव गेला. तिने भरपाई मागितली तेव्हा सरकारने एक जुनी ढाल पुढे केली. चूक झाली ती रेल्वेच्याच दुसऱ्या नोकराची. मेलेला माणूसही रेल्वेचाच नोकर. आणि एका नोकराच्या चुकीने दुसरा नोकर मेला तर मालकाला जबाबदार धरता येत नाही, असा तो बचाव होता.

आज हा युक्तिवाद ऐकवत नाही. पण त्या काळी शंभर वर्षांचा इंग्रजी कायदा त्याच्या पाठीशी होता. नागपूरच्या न्यायालयाने तो कसा नाकारला आणि त्यानंतरही तो पूर्णपणे मोडीत निघायला आणखी चौदा वर्षे का लागली, हा इतिहास चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या, प्रत्येक रेल्वे कामगाराच्या घराशी जोडलेला आहे. त्या वेळी हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता आणि नागपूरचा निकाल इथल्या कोर्टांवर बंधनकारक होता.

कोळशामागून आलेले रूळ

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली. 1867 मध्ये जीआयपी नागपूरला पोचली. चांदा जिल्हा मात्र या मुख्य मार्गापासून दक्षिणेला, जंगलात होता. तिथे रूळ नेले ते प्रवाशांसाठी नव्हे, कोळशासाठी. वरोऱ्याला 1871 पासून सरकारी खाण सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होते. 1906 मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली, पण तोवर बल्लारपूरचा कोळसा हाती आला होता आणि रूळ त्याच्या मागे दक्षिणेकडे सरकत गेले. माजरी, ताडाळी, घुग्घुस, राजूर ही नावे पुढे कोळशाच्या सायडिंगांमुळेच रेल्वेच्या नकाशावर ठळक झाली.

पूर्वेकडून दुसरा मार्ग आला. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी गावे जोडत चांदा फोर्टपर्यंत अरुंद रूळ टाकले. 1929 मध्ये बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा पुरा झाला आणि दिल्ली–मद्रास हा सरळ मार्ग चांद्याच्या जंगलातून जाऊ लागला. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला या साऱ्या जाळ्यातले वडसा हे एकच स्टेशन आले.

हे मार्ग बांधणारी माणसे बहुतेक कंपनीच्या पटावर नव्हतीच. हिंदुस्थानात रेल्वे बांधण्याची रीत कंत्राटाची होती. मोठा कंत्राटदार, त्याच्याखाली छोटा, त्याच्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली माती वाहणारी कुटुंबे. मार्ग सुरू झाल्यावर मात्र त्याच्या देखभालीला कायमची माणसे लागतात. गँगमन, कीमॅन, पॉइंट्समन, फायरमन, गेटवाले हे ते लोक. या लेखातला मृत्यू त्यांचा आहे.

कीमॅनची पायपीट

त्यांच्यातल्या कीमॅनचे काम जवळून पाहावे असे आहे. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी, जवळ धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके. आपल्या हद्दीतले दोन्ही रूळ तो रोज पायी तपासतो. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, दोन रुळांच्या सांध्यावरच्या पट्टीचे बोल्ट आवळायचे, रुळाला तडा दिसला तर दोन्ही बाजूंनी गाडी थांबवण्याची व्यवस्था करायची. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की पोलाद प्रसरण पावते आणि रूळ वाकण्याचे भय असते. पावसाळ्यात नाल्यांचे पाणी भरावाखालची माती ओढून नेते. आणि दोन्ही हंगामांत जंगल आहेच. चिचपल्लीजवळ जुनोना परिसरात नोव्हेंबर 2018 मध्ये गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. जिथे वाघीण पिलांना घेऊन रूळ ओलांडते, तिथूनच हा माणूस एकटा चालत असतो.

त्याचा जीव मात्र सर्वाधिक धोक्यात येतो तो गाडीमुळे. मान खाली, डोळे सांध्यावर, कानावर हातोड्याचा आवाज, समोर वळण आणि वळणाला लागून झाडी. ड्रायव्हरने शिटी दिली नाही किंवा गाडी येत असल्याचा निरोप गँगपर्यंत पोचला नाही, तर बाजूला व्हायला काही सेकंदच मिळतात. सायडिंगमध्ये शंटिंग करणाऱ्या पॉइंट्समनचेही तेच. मालगाडीचे दोन डबे जोडण्यासाठी तो मधे उतरलेला असतो आणि इशारा मिळण्याआधी इंजिन हलले, तर बफरांमध्ये त्याचा चेंदामेंदा होतो.

या दोन्ही मरणांत चूक असते ती बहुधा कुणा सहकाऱ्याची. ड्रायव्हरची, गार्डची, केबिनमधल्या माणसाची. इंग्रजी कायद्याची ढाल नेमकी इथेच आडवी यायची.

खाटकाच्या गाडीतून निघालेला नियम

जुन्या इंग्रजी कायद्यात मरणाची किंमतच नव्हती. 1808 मध्ये लॉर्ड एलनबरो यांनी बेकर वि. बोल्टन या खटल्यात सांगितले, की माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी दावा लागत नाही. हात मोडला तर भरपाई मिळे, जीव गेला तर काहीच नाही. म्हणजे माणसाला जखमी करणे महाग आणि मारणे स्वस्त होते. रेल्वे आल्यावर हे चालणे कठीण झाले. 1846 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वारसांना दावा करण्याचा हक्क दिला आणि हिंदुस्थानातही 1855 च्या 13 व्या कायद्याने, म्हणजे फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टने, पती, पत्नी, आईबाप आणि मुले यांना तोच हक्क मिळाला. आपल्याकडे पहिली गाडी धावून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

पण हक्क मिळाला तोवर त्याला रोखणारा नियमही तयार झाला होता. 1837 मध्ये प्रीस्टली वि. फाउलर या खटल्यात एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा केला. जास्त भार भरलेली गाडी मोडून त्याचा पाय दुखावला होता. न्यायमूर्ती लॉर्ड ॲबिंगर यांना भीती वाटली, की असे दावे मान्य केले तर प्रत्येक नोकर दुसऱ्या नोकराच्या चुकीसाठी मालकाला कोर्टात खेचेल. दावा फेटाळला गेला. रेल्वे कंपन्यांनी हे सूत्र उचलले. 1842 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी, सांधे बदलणाऱ्याच्या चुकीने हात गमावलेल्या इंजिन ड्रायव्हरला भरपाई नाकारली. धोका आहे म्हणूनच तर त्याला पगार जास्त मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. 1850 मध्ये इंग्लंडमध्ये हचिन्सन वि. यॉर्क, न्यूकॅसल अँड बेरिक रेल्वे या खटल्यात गोष्ट थेट मृत्यूपर्यंत आली. कंपनीचा एक नोकर कंपनीच्याच कामासाठी गाडीने जात असताना त्याच कंपनीची दुसरी गाडी आदळली आणि तो मेला. वारसांना काही मिळाले नाही. नोकरी धरताना त्याने सहकाऱ्यांच्या चुकांचा धोकाही पत्करला, असे न्यायालयाने धरले.

त्याच डब्यात तिकीट काढून बसलेला प्रवासी मेला असता, तर त्याच्या वारसांना भरपाई मिळाली असती. शेजारी बसलेल्या नोकराच्या विधवेला मात्र नाही.

या नियमामागे दोन गृहीतके होती आणि रुळांवर दोन्ही खोटी ठरतात. पहिले असे, की सहकारी एकमेकांवर नजर ठेवू शकतात. पण भांदकजवळ रूळ ठोकणारा कीमॅन ज्या ड्रायव्हरच्या चुकीने मरतो, त्याला त्याने बहुधा कधी पाहिलेलेही नसते. दोघांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मालक. दुसरे गृहीतक असे, की माणूस समजून-उमजून धोका पत्करतो आणि त्याचे मोल पगारात वसूल करतो. दुष्काळाने किंवा कर्जाने रुळावर आणलेल्या माणसाला पगाराची घासाघीस करता येत होती, असे म्हणायला फार मोठे धाडस लागते.

इंग्लंडलाही हे उमगले. 1880 च्या एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्टने काही प्रकरणांत ढाल काढून घेतली आणि त्यात रेल्वेचा स्वतंत्र उल्लेख होता. सिग्नल, सांधे, इंजिन किंवा गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या हलगर्जीपणाने दुसऱ्या नोकराला इजा झाली, तर मालक जबाबदार. हिंदुस्थानात मात्र असा कायदा झाला नाही. इथे मालकांचे वकील जुन्या नियमावरच बोट ठेवत राहिले.

तीस महिन्यांचा पगार

पहिला खरा दिलासा वेगळ्याच वाटेने आला. पहिल्या महायुद्धानंतर कामगार चळवळ उभी राहिली. 1920 मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तिच्या संस्थापकांपैकी एक. मध्यवर्ती विधिमंडळात ते कामगारांच्या बाजूने वर्षानुवर्षे बोलत राहिले. 1923 मध्ये वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट मंजूर झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला.

या कायद्याने प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे विचारणे त्याने सोडून दिले. अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला का, एवढेच पाहायचे. झाला असेल तर मालकाने पैसे भरायचे. गँगमन, फायरमन, पॉइंट्समन हे सारे त्याच्या कक्षेत आले. रेल्वेच्या कचेऱ्यांत कायम बसून काम करणारे तेवढे बाहेर राहिले. हक्क सोडून देण्याचा करार करून घेतला तरी तो रद्दबातल ठरू लागला. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हातावर टेकवायची नाही, ती आयुक्ताकडे जमा करायची, अशी तरतूद झाली. ज्या विधवेला कागदावर अंगठा उठवावा लागतो तिला शंभर-दोनशे रुपयांत गप्प बसवणे सोपे असते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

रक्कम मात्र तोकडी होती. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यांत जे कमी असेल ते. समजा एखाद्या गँगमनला महिना 15 रुपये मिळत असतील, तर त्याच्या मृत्यूचे 450 रुपये. कामावर असलेले अल्पवयीन पोर मेले तर सरसकट 200 रुपये.

म्हणून जुन्या दिवाणी दाव्याचे महत्त्व टिकून राहिले. 1855 च्या कायद्याखाली कुटुंबाचे खरे नुकसान मोजून मागता येत होते. तीस महिन्यांची मर्यादा तिथे नव्हती. पण त्या वाटेने गेले की हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे आणि मग सहनोकराच्या चुकीची ढाल समोर उभी राही. विधवेपुढे दोनच रस्ते होते. एक खात्रीचा पण अपुरा, दुसरा पुरेसा पण अडवलेला. रुक्मिणीबाईंचा खटला दुसऱ्या रस्त्यावरचा.

नागपूरचा निकाल

जीआयपीसारख्या कंपनीच्या नोकराच्या विधवेचा दावा भारतमंत्र्यांशी का लागला, याचे उत्तर 1925 मध्ये आहे. त्या वर्षी 1 जुलैपासून जीआयपीचा कारभार सरकारने कंपनीकडून आपल्या हाती घेतला. त्या दिवसापासून वर्ध्याहून बल्लारपूरला जाणाऱ्या फाट्यावरचे सारे नोकर सरकारचे नोकर झाले आणि त्यांच्या बाबतीत न्यायालयात सरकारच्या वतीने भारतमंत्री उभे राहू लागले.

सरकारवर असा दावा लागतो का, हा प्रश्न फार आधी सुटला होता. 1861 मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात पी अँड ओ कंपनीच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश बार्न्स पीकॉक यांनी निर्णय दिला होता. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत कामगारांच्या हातून लोखंडाचा अवजड भाग पडला आणि त्याने बुजून कंपनीचा घोडा जखमी झाला. जे काम खासगी माणूसही करू शकतो ते सरकार करत असेल, तर त्याची जबाबदारी खासगी मालकासारखीच, असे न्यायालयाने ठरवले. रेल्वे चालवणे हे असेच काम.

राहिली ती सहनोकराची ढाल. नागपूरचे उच्च न्यायालय तेव्हा अगदी नवे होते. जानेवारी 1936 मध्ये ते सुरू झाले आणि सर गिल्बर्ट स्टोन त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. मध्य प्रांतात इंग्रजी कायदा जसाच्या तसा लागू नव्हता. जिथे लेखी कायदा गप्प असे तिथे न्याय, समता आणि सद्विवेक यांना धरून निकाल द्यायचा, अशी इथल्या न्यायालयांना मुभा होती. प्रत्यक्षात या नावाखाली इंग्रजी नियमच वापरले जात आणि सरकारचा वकील नेमके तेच मागत होता.

स्टोन यांनी दिलेली दिशा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. न्याय आणि सद्विवेक शोधायला इंग्लंडकडे पाहायचे असेल, तर आजच्या इंग्लंडकडे पाहा. काल काय कायदा होता त्याकडे नको. न्यायाधीशांनी घडवलेला जुना नियम उचलायचा आणि पार्लमेंटने तो अन्यायाचा ठरवून जो बदलला, तो बदल मात्र इथे आणायचा नाही, हे सद्विवेकाला धरून नाही. खुद्द इंग्लंडने 1880 मध्ये रेल्वे कामगारांसाठी जो नियम सोडला, तो 1937 मध्ये हिंदुस्थानातल्या रेल्वे कामगाराच्या विधवेवर लादता येणार नाही. नागपूरच्या न्यायालयाने ही ढाल मान्य केली नाही आणि ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट वि. रुक्मिणीबाई’ हे नाव कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत कायमचे गेले.

या निकालात एक राजकीय अर्थही आहे. साम्राज्यातल्या कायद्याचा एक भाग मालकांना सोयीचा म्हणून इथे यायचा आणि कामगारांना उपयोगी भाग तिकडेच राहायचा, ही वसाहतीची जुनी रीत होती. ती एका प्रांतिक न्यायालयाने, तेही प्रत्यक्ष सरकार समोर उभे असताना, मोडली.

ढाल पुन्हा उचलली जाते

एका प्रांताच्या न्यायालयाच्या निकालाने देशाचा कायदा बदलत नाही. कामगारांच्या प्रश्नांसाठी 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने, ज्यावर ना. म. जोशीही सदस्य होते, 1931 च्या अहवालात सहनोकराचा आणि पत्करलेल्या धोक्याचा असे दोन्ही बचाव कायद्याने काढून टाकावेत अशी शिफारस केली होती. तिला अनुसरून 1938 मध्ये एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट झाला. यंत्रसामग्रीतला दोष, देखरेख करणाऱ्याचा हलगर्जीपणा, वरिष्ठाचा हुकूम, सहकाऱ्याने आपले नेहमीचे काम करताना केलेली कृती, अशी कारणे एकेक मोजून त्यांत ढाल वापरायला बंदी घातली गेली. धोका नीट समजावून सांगितल्याशिवाय आणि कामगाराने तो खुशीने स्वीकारल्याशिवाय त्याने तो पत्करला असे धरता येणार नाही, हेही त्यात आले.

पण कारणे मोजून लिहिली की त्यांच्यामधल्या फटीही तयार होतात. रेल्वेच्याच एका नोकराच्या मृत्यूबद्दल त्याच्या विधवेने, श्रीमती वेल्स यांनी, लावलेला दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. कौन्सिलने 1938 च्या कायद्याचा अर्थ इतका अरुंद लावला की ढाल पुन्हा रेल्वेच्या हाती आली. हा निवाडा 1950 च्या संग्रहात छापला गेला, आणि तोवर इंग्लंडने स्वतः 1948 मध्ये हा बचाव संपूर्ण रद्द केलेला होता. जी विसंगती नागपूरला खटकली होती तीच पुन्हा उभी राहिली.

या वेळी उत्तर स्वतंत्र भारताच्या संसदेने दिले. 1951 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 3-अ घातले गेले आणि सहनोकराचा बचाव सरसकट रद्द झाला. कारणे मोजण्याची गरज उरली नाही. खाटकाच्या गाडीपासून सुरू झालेला नियम 114 वर्षांनी भारतात संपला.

आज हिशेब कसा लागतो

1923 चा कायदा पुढे रुंदावत गेला. 1933 च्या दुरुस्तीने, मृत्यूची खबर मिळाली तर आयुक्त स्वतःहून मालकाकडे खुलासा मागू शकतो, अशी सोय झाली. विधवेने दार ठोठावण्याची वाट पाहायची गरज त्यामुळे राहिली नाही. 2010 पासून त्याचे नाव एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्ट झाले आणि त्यातल्या तरतुदी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या. रकमेचे सूत्र असे: मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. 2020 च्या अधिसूचनेने हिशेबासाठी वेतनाची मर्यादा 15,000 रुपये केली. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक 207.98 आहे, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. पैसे वेळेत भरले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. मृत्यू झाला असेल तर कामगाराने नियम मोडला होता किंवा तो प्यायलेला होता, असे सांगून मालकाला सुटता येत नाही.

1989 च्या रेल्वे कायद्याने दुसरी वाट दिली. गाडीच्या अपघातात किंवा 1994 मध्ये जोडलेल्या कलम 124-अ मधल्या अनुचित घटनेत मृत्यू झाला, तर दोष न पाहता भरपाई मिळते आणि या कलमांपुरता कामावरचा रेल्वे नोकरही प्रवासी मानला जातो. 2017 पासून मृत्यूसाठी ही रक्कम 8 लाख रुपये आहे. एकाच अपघाताची भरपाई दोन्हीकडून घेता येत नाही. वारसांनी निवड करायची.

जंगलातल्या मरणाचे काय? रुळांची तपासणी करताना कीमॅनवर वाघाने झडप घातली किंवा त्याला साप चावला, तर तो अपघात कामातून उद्भवला का? गाडी नाही, यंत्र नाही, सहकाऱ्याची चूक नाही. पण 1917 मध्येच हाउस ऑफ लॉर्ड्सने थॉम वि. सिंक्लेअर या खटल्यात तत्त्व सांगितले होते. शेडमध्ये मासे भरणाऱ्या बाईवर शेजारची भिंत कोसळली. भिंत मालकाची नव्हती, तरी तिचे कामच तिला त्या जागी घेऊन आले होते, म्हणून भरपाई द्यावी लागली. हेच सूत्र मूल आणि सिंदेवाहीच्या मधल्या जंगलाला लावून पाहा. वाघाच्या वाटेवर कीमॅन हौसेने गेलेला नसतो. त्याची हद्द तिथे आखलेली असते. जागेचा धोका हा कामाचाच धोका, आणि वनखात्याकडून साह्य मिळाले म्हणून रेल्वेची जबाबदारी संपत नाही.

पटाबाहेरची माणसे

इतके कायदे झाल्यावर प्रश्न सुटला असे कुणाला वाटेल. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने 2012 मध्ये अहवाल दिला, तेव्हा 2007-08 ते ऑक्टोबर 2011 या काळात कामावर मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे 1,600 होती. हे पटावरचे लोक. त्यांच्या घरी निदान भरपाई, निवृत्तिवेतन, अनुकंपेवरची नोकरी यांचा कागद तरी हलतो. पटाबाहेर असलेल्या माणसाचा मृत्यू मोजला जाईल याचीही खात्री नसते.

आणि आज रूळ टाकायचे काम पुन्हा त्यांच्याच हाती आहे. वडसा ते गडचिरोली या सुमारे 52 किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम चालू आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयाला पहिल्यांदा रेल्वे मिळेल, हा गडचिरोलीकरांचा जुना हक्क आहे. पण हा मार्ग कंत्राटातून उभा राहतो आणि खाली खडी पसरणारा, गर्डर चढवणारा मजूर तिसऱ्या-चौथ्या कंत्राटदाराचा असतो.

कायदा याबाबतीत गप्प नाही. 1923 च्या मूळ कायद्यातच कलम 12 होते: आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मूळ मालक, त्या कंत्राटदाराच्या मजुरालाही भरपाई द्यायला बांधलेला आहे, नंतर हवी तर ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणजे मजुराच्या विधवेने कंत्राटदाराला शोधत फिरायचे कारण नाही. ती थेट रेल्वेकडे बोट दाखवू शकते. अडते ते पुराव्यापाशी. हजेरीपटावर नाव नसले, वेतन रोखीने दिलेले असले, मृतदेह गाडीत घालून गावी पाठवून दिला आणि सोबत थोडे पैसे दिले, की कलम 12 पुस्तकात राहते.

त्यावरचे उपाय साधे आणि हातातले आहेत. कामावर पाय ठेवण्याआधी प्रत्येक कंत्राटी मजुराचे नाव, वय आणि वेतन मूळ मालकाच्या नोंदवहीत आले पाहिजे, कारण भरपाईचा सारा हिशेब या तीन गोष्टींवर चालतो. कामाच्या जागी झालेल्या प्रत्येक मृत्यूची खबर आयुक्तापर्यंत गेली पाहिजे आणि त्याने 1933 पासून हाती असलेला अधिकार वापरून खुलासा मागितला पाहिजे. तालुक्याच्या विधी सेवा समितीने वडसा, आरमोरी, गडचिरोलीच्या मजूर वस्त्यांत जाऊन हे एकच कलम गोंडी आणि मराठीत सांगितले पाहिजे. आणि चालू मार्गावर काम असेल तिथे गाडी बंद ठेवून ब्लॉक घेतल्याशिवाय माणूस रुळावर उतरवू नये, कारण कोणतीही भरपाई मरण टाळण्याइतकी मोलाची नाही.

दीडशे वर्षांच्या या वाटचालीत कायदा एका वाक्यापाशी पोचला: ज्याच्या धंद्यासाठी धोका, त्याच्याच तिजोरीतून भरपाई. ते वाक्य न्यायालयांतून आणि विधिमंडळांतून ओढून आणावे लागले, आणि प्रत्येक वेळी ते ओढणारे हात रुळावर मेलेल्या माणसांच्या घरचे होते. गडचिरोलीच्या नव्या मार्गावर तेच वाक्य पटाबाहेरच्या मजुरापर्यंत पोचवायचे असेल, तर पुन्हा एखाद्या विधवेने नागपूर गाठण्याची वाट पाहू नये. कायदा हाती आहे. तो राबवणे हे रेल्वेचे, सरकारचे आणि या दोन जिल्ह्यांतल्या आपणा सर्वांचे काम आहे.